काकांच्या नावाची घागर

घ्या, चहा घ्या, गार होईल. सांगतो मी. गाढवपणा आयुष्यात कोण करत नाही? पण स्वतःच्या हातानं भिजवून, वाळवून, कुटून, उकळून केलेला गाढवपणा माझ्याशिवाय नागपुरात कुणी केला असेल तर त्याला माझ्यापुढं आणून बसवा. एकच अट आहे. हसायचं तेवढं हसा, पण गोष्ट संपल्यावर ‘हे खरं का?’ असं मला विचारू नका. मलाच ठाऊक नाही.

लढाईचे दिवस होते. मी सरकारी कचेरीत कारकून, नुकताच चिकटलेला, अजून कायम न झालेला. चैत्र निम्मा सरला की मध्यप्रांताचं सरकार बाडबिस्तरा उचलून पचमढीला थंड हवेत जाऊन बसायचं. मागं राहायचो आम्ही आणि माश्या. कचेरी सकाळची व्हायची आणि ऊन तापायच्या आत माणूस घरी.

त्या साली आमच्या साहेबांनी पचमढीला निघताना बंगला आवरला आणि उरलेली बिअरची एक बाटली माझ्या हातात ठेवली. कशाबद्दल? तर त्यांच्या कुत्र्याला मी टांग्यात चढवलं म्हणून. ती बाटली मी आणि माझा दोस्त गणपत, दोघांनी तेलंखेडीच्या तळ्याकाठी बसून संपवली. पहिल्या घोटाला वाटलं, हे कुनैन आहे. दुसऱ्याला वाटलं, चालेल. बाटली रिकामी झाली तेव्हा आम्ही दोघं विलायतेत होतो, आणि परत यायची इच्छा नव्हती.

पण दुसरी बाटली आणायची कुठून? लढाईमुळं माल येत नव्हता, जो यायचा तो कामठीच्या छावणीतले गोरे पिऊन टाकायचे. शिवाय सीताबर्डीवर असं एक दुकान नव्हतं, जिथला माणूस माझ्या काकूला ओळखत नव्हता.

गणपत छावणीच्या गोदामात नोकरीला होता. दोन गोऱ्यांचं बोलणं कानावर पडलं की तो विषय आपल्याला येतो, असा त्याचा समज. तो म्हणाला, “जव पाह्यजे, पाणी पाह्यजे, खमीर पाह्यजे. अजून काय आहे गा त्यात? घरीच करू.”

आता हे ‘घरी’ म्हणजे माझ्या घरी. त्याच्या घरी त्याचा बाप होता.

माझ्या घरी कोण, तर काकू आणि तिची मुलगी शांता. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. काका-काकूंनी मला वाढवलं, शांतात आणि माझ्यात कधी फरक केला नाही. काका आदल्या पावसाळ्यात गेले. काकू उमरेडकडची, बोलणं अस्सल तिकडचं, आणि देवभोळी इतकी की देवाला विचारल्याशिवाय चिंच भिजत घालायची नाही. दारू हा शब्द घरात कुणी उच्चारला तरी ती जागा सारवून काढायची. म्हणजे बघा, सापडलो असतो तर काकूनं घराबाहेर काढलं असतं आणि चोरून दारू गाळतो म्हणून सरकारनं नोकरीबाहेर. तरी मी हे केलं. अक्कल गहाण ठेवणं म्हणतात ते हेच.

जागा मात्र उत्तम होती. मागच्या अंगणात एक कोठी होती, मातीच्या भिंतींची, एका झरोक्याची. आत पोत्यांची थप्पी, सरपण, मोडकी खाट. काका दुपारचे तिथं जाऊन बसायचे. अख्ख्या घरात तीच जागा त्यातल्या त्यात गार. काका गेल्यावर तिकडं कुणी फिरकत नव्हतं. काकूला तिथं रडू यायचं आणि शांताला, का कोण जाणे, दुपारचं तिथं जायला बरं वाटत नसे.

मी जव आणले, भिजवले आणि ओल्या पोत्याखाली मोड आणले. काकूला सांगितलं, सातूचं पीठ करतोय, उन्हाळ्याला बरं. मोड आलेले जव अंगणात पसरले. चैत्रातलं आमचं ऊन तुम्हाला माहीत आहे, सकाळी टाकलेलं संध्याकाळी कडकडीत. मग उखळात भरडले, गरम पाण्यात मुरवले, आणि तो रस मागच्या चुलीवर उकळत ठेवला. बिअरला कडूपणासाठी कसल्याशा विलायती वेलीची फुलं लागतात म्हणे. ती कुठली मिळायला? आम्ही काडेचिराईत टाकलं. काकू वासानं आलीच. म्हटलं, गणपतला मोडशी झाली आहे, त्याचा काढा आहे. तिनं वाटीभर मागून घेतला, नाक न मुरडता प्यायली आणि गुडघ्याला आराम पडतो म्हणाली. रोज करत जा, असंही म्हणाली.

खमीर गणपतनं कामठीच्या पाववाल्याकडून आणलं. आणि मी, शहाण्यानं, हे सगळं एका नव्या कोऱ्या मातीच्या घागरीत ओतलं. तोंडाला धुवट पांढरं फडकं बांधलं, वर मातीचं झाकण ठेवलं आणि घागर कोठीत पोत्यांच्या शेजारी नेऊन ठेवली.

वार, तिथी काही बघितलं का मी? नाही. इथंच मेलो.

आमच्याकडं आखाजीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, वर पांढरं फडकं, आणि जवांना त्या दिवशी फार मान. उन्हाळ्याचा त्या जिवाला गारवा मिळावा, एवढंच त्यामागं. काका गेल्यानंतरची ती पहिलीच आखाजी होती आणि ती दुसऱ्या दिवसावर आली होती. मला याचा पत्ताच नाही. मी कचेरीतून येऊन टोपी काढतोय तर काकू कोठीच्या दारात उभी. आत नवी घागर, वर पांढरं फडकं, भोवती सांडलेले जव.

“ही घागर कोणाच्या नावाची गा, वसंता?”

तुम्ही काय म्हणाला असता? माझ्या तोंडून निघून गेलं, “काकांच्या.”

ती उंबऱ्यावरच बसली. डोळ्याला पदर लावला. म्हणाली, “मी इसरली होती गा. अन् तू आठवण ठेवली.” मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात मी अजून विसरलो नाही. त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं, पण कसं सांगता? म्हणता, काकू, ती काकांची नाही, दारूची आहे?

झालं. दुसऱ्या दिवशी काकूनं घागरीला गंध लावलं, तुळशीची माळ घातली, पुढं पान वाढलं. रीत अशी की पूजा झाली की घागर द्यायची कुणाला तरी. मी मनात म्हटलं, आता गेली ही एखाद्या गुरुजीच्या घरी आणि मी गेलो तुरुंगात. पण काकूचं मन भरेना. म्हणाली, वैशाखभर राहू दे, ऊन काय एक दिवसच आहे? आणि काकांना गूळ आवडायचा म्हणून झाकण सरकवून, फडक्याची गाठ सैल करून गुळाचा एक खडा आत सोडला. मग रोजच सोडायला लागली. एक दिवस आमरसही ओतला वाटीभर.

आता खमिराला गूळ म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. गणपतला तर नव्हतंच. तो म्हणाला होता, थोड्या दिवसांत आपसूक शांत होईल. शांत कसली होते? तिला रोज जेवायला मिळत होतं.

आणि मग ती घागर श्वास घ्यायला लागली.

हसा तुम्ही. पण तुम्ही आमची दुपार बघितली नाही. त्या दुपारी आमच्या महाल भागातला रस्ता ओस पडायचा, कुत्रंसुद्धा गटाराच्या सावलीत मेल्यासारखं पडलेलं. दारं लावलेली, खिडक्यांना ओली पोती. लू, म्हणजे तो उन्हाळी गरम वारा, कौलांवरून जायची तेव्हा कुणी पाय घासत चालल्यासारखं वाटायचं. ती थांबली की इतकं सामसूम व्हायचं की स्वतःच्या कानातला आवाज ऐकू यायचा. रात्रीची भीती माणसाला ठाऊक असते, तो दिवा लावतो. भर दुपारच्या भीतीला काय लावणार?

अशाच एका दुपारी मी घागर बघायला कोठीत गेलो. आत अंधार, झरोक्यातून उन्हाची एक पट्टी पोत्यांवर पडलेली. मी वाकलो आणि ऐकलं. हूऽऽ, असा लांब उसासा. मग काही नाही. मग पुन्हा, हूऽऽ. दुखणाईत माणूस कूस बदलताना सोडतो तसा. मला ठाऊक होतं की तो वायू आहे. गणपतनं सांगितलं होतं. तरी मी झाकणाला हात लावायला पुढं झालो आणि ते माझ्या डोळ्यांदेखत आपणहून उचललं गेलं, जरा थांबलं आणि ‘टक’ करून खाली बसलं. आणि पाठोपाठ आतून चांगला दणदणीत ढेकर.

मी कोठीतून चालत बाहेर आलो असं मी गणपतला सांगितलं होतं. तुम्हाला खरं सांगतो, धोतर सावरायलाही थांबलो नव्हतो.

अंगणात काकू उभी होती. तिनंही ऐकलं होतं. चेहऱ्यावर भीती नाही, काही नाही. हळूच म्हणाली, “हेच हायेत ते.”

काकांचा ढेकर आमच्या आळीत प्रसिद्ध होता. तो ऐकून समोरच्या घरात जेवणाची पानं मांडायचे. आणि त्यातून काकूला वास आला, पावाचा. खमिराचा वास तो, कोठीभर पसरलेला. तर काकांना बेकरीच्या पावाचं भारी वेड. घरात पाव चालत नसे, म्हणून ते चोरून आणायचे आणि दुपारी कोठीत पोत्यांवर बसून खायचे. काकूला ते ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे काकांना ठाऊक नव्हतं. आता मेल्या माणसाचा ढेकर आणि पावाचा वास एकाच कोठीत आल्यावर ती बाई काय समजणार?

मी समजावून पाहिलं. काकू, मातीची घागर आहे, उन्हानं आवाज करते. ती माझ्याकडं बघून गोड हसली. “भेऊ नको गा. आपलेच तं हाये.”

त्या दिवसापासून ती दुपारी कोठीत जाऊन बसायला लागली. दळण, निवडण, सगळं तिथंच. आतून तिच्या बोलण्याचा आवाज यायचा. कौलं गळतात, शेंगदाणे महाग झाले, वसंता रोड झाला. ती थांबायची. मग घागर ढेकर द्यायची. मग तिचं पुढचं सुरू. मी बाहेर ओसरीवर बसून ते ऐकायचो आणि भर वैशाखात अंगावर काटा यायचा. ती काकांशी बोलत नाही, माझ्या दारूशी बोलते आहे, हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. तरी कधीकधी ढेकर असा नेमका उत्तराच्या जागी पडायचा की मी उठून रस्त्यावर जाऊन उभा राहायचो.

इथपर्यंत ठीक होतं. म्हातारी सुखात होती, दारू वाया गेली तर गेली. पण मग भिवापूरचे मामा आले.

मामा म्हणजे काकूचे धाकटे भाऊ. मिरचीची आडत, बोलणंही तसंच. ते शांतासाठी स्थळ घेऊन आले होते, भिवापुरातलंच. घर मोठं, माल भरपूर, माणूस चाळिशीचा, पहिली बायको गेलेली आणि तिची मुलं शांताच्या खांद्याला लागतील एवढी. शांता तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवायची. तिच्या शाळेजवळच्या शाळेतले एक देवराव मास्तर चैत्रातच आईला घेऊन रीतसर विचारायला येऊन गेले होते. शांताच्या मनात तेच होते. ती बोलली नव्हती, पण ते आले त्या दिवशी तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं, त्यावरून मी काय ते समजलो. मास्तर तो चहा पूर्ण प्यायले, त्यावरून बाकीचं समजलो.

मामांना मास्तर पसंत नव्हते. मास्तरकी म्हणजे काय, म्हणाले, उपाशी मरायचा परवाना. काकू दोन्हीकडून ओढली गेली. भावाचा शब्द मोडवेना, पोरीचा चेहरा बघवेना. शेवटी म्हणाली, “मी काहून ठरवू? तिचे बाबा हायेत नं. त्यायलेच विचारू.”

ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कोठीत कौल लावायचा. ढेकर आला म्हणजे जीव तृप्त, म्हणजे हो. नाही आला म्हणजे नाही.

झाली पंचाईत. का ते लक्षात आलं ना? ती घागर भर दुपारी गप्प राहूच शकत नव्हती. ऊन तापलं की तिचं सुरू व्हायचं. काकूनं तिला ‘शांतेला विहिरीत ढकलू का’ असं विचारलं असतं, तरी ती हो म्हणाली असती.

संध्याकाळी शांता ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसली. हातातली वेणी उगाच सोडत-बांधत होती. म्हणाली, “बाबा मला तिकडं नाही पाठवणार. नाही ना दादा?”

मी नाही म्हणालो. काय म्हणणार? पण त्या क्षणी मला स्वतःची इतकी लाज वाटली की विचारू नका. तिचा सगळा भरवसा बापावर होता आणि तिच्या बापाच्या जागी मी आंबवलेले जव नेऊन ठेवले होते.

गणपतला गाठलं. घागर गप्प कशी करायची? त्याला पहिल्यांदाच एक खरी गोष्ट ठाऊक निघाली. गार केली की खमीर झोपतं, म्हणाला. छावणीतला पाववाला तसंच करायचा. मी सकाळी कचेरीत जायच्या आधी इतवारीतून बर्फ आणला, भुशातला, पोत्यात बांधून. घागरीच्या बुडाभोवती तो पोत्यासकट रचला. काकू बघत होती. हे काय म्हणून विचारलं तर मी म्हटलं, काकांना गारवा. तिचे डोळे पुन्हा भरून आले. माझ्या प्रत्येक लबाडीला त्या बाईनं आशीर्वाद दिला, हेच माझं दुर्दैव.

कचेरीतून आलो तर कोठीतली जमीन ओली झाली होती. बर्फ वितळत होता, म्हटलं चांगलं आहे. कान लावला. घागर चिडीचूप. उसासा नाही, टकटक नाही. इतके दिवस जिच्या आवाजानं माझी झोप उडाली होती, ती गप्प बसलेली बघून मला तिची पापी घ्यावीशी वाटली.

दुपारी सगळे कोठीत जमलो. पुढं काकू, तिच्या मागं शांता, भिंतीला टेकून मामा, दाराशी मी. काकूनं उदबत्ती लावली, फडकं सैल केलं, गुळाचा खडा सोडला, हात जोडले. मामांनी नाक वर करून दोनदा हुंगलं. “वास कायचा येऊन राहिला वं, ताई?” काकू म्हणाली, पावाचा, त्यांना आवडायचा. मामांनी पुन्हा हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं. तो वास त्यांना ओळखीचा होता. पण तो आपल्याला ओळखीचा कसा, हे बहिणीला कोण सांगणार? त्यांनी नाकाला उपरणं लावलं.

काकूनं विचारलं, “ऐकून राहिले नं? भिवापूरले देऊ का शांतेले?”

बाहेर लू थांबली होती. झरोक्यातली उन्हाची पट्टी पोत्यांवर, तिच्यात उदबत्तीचा धूर. घागर गप्प. बराच वेळ गेला. गप्पच. शांताचे खांदे हळूहळू खाली आले आणि मी मनात स्वतःची पाठ थोपटली.

पण मामा आडत्या माणूस. सौदा मोडताना बघून सोडतील काय? ते म्हणाले, “आज त्यायचं बोलायचंच मन नसन. उलटं विचार, ताई. हे स्थळ मोडू काय, असं विचार. तेव्हाही गप्प राहिले तं मोडायचं नाही.”

मी दाराची चौकट धरली. मी घागर मुकी करून ठेवली होती. मुकी घागर दोन्हीला मुकीच राहणार. आणि आता तिचं मुकं राहणं म्हणजे शांता भिवापूरला.

काकूला मामांचं म्हणणं पटलं. तिनं पुन्हा हात जोडले. “मंग हे स्थळ मोडू काय?”

काही नाही. शांतानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. एकदाच. मामांच्या मिशीखाली हसू यायला लागलं. मी ठरवलं. नोकरी जाऊ दे, घर जाऊ दे, सांगून टाकायचं. चौकट सोडून पुढं झालो, सांगायला तोंड उघडलं.

आणि ढेकर आला.

असातसा नाही. घागर रोज द्यायची तो आखूड असायचा, बुडबुडा फुटावा तसा. काकू म्हणायची, आता ताकद कुठली राहिली त्यांच्यात. हा तसा नव्हता. हा खालून सुरू झाला, चढत गेला, मध्ये जरा थांबला, आणि मग वरचा मजला चढून संपला. शेवटी एक समाधानाचं ‘हांऽ’. काकांना ज्यानं एकदा जेवताना बघितलं, तो हे विसरणार नाही. आणि मला तो घागरीकडून आला असं वाटलंच नाही. पोत्यांकडून आला.

काकूनं डोळे उघडले. मग काकू शांतपणे म्हणाली, “मोडायचं म्हणतात.” शांता रडायला लागली. मामांच्या कपाळावरून घाम टपटप गळत होता. मास्तरलाच द्या, बापाची इच्छा आहे, एवढं बोलून ते भर उन्हात, चहाला न थांबता निघून गेले.

मी म्हणालो ना तुम्हाला, मी शहाणा माणूस. मला लगेच कळलं. बर्फ वितळला, घागर पुन्हा तापली, आतला वायू एकदम निघाला. बास. देवानं वेळ बरी साधली. सगळे गेल्यावर मी घागर उचलून परसात ओतून टाकायला आत गेलो. पुन्हा हा खेळ नको म्हटलं. दोन्ही हात घातले, कंबर कसली आणि जोर लावून उचलली.

ती इतकी हलकी निघाली की मी मागं पोत्यांवर आपटलो.

घागर रिकामी होती. बर्फानं बुडाला तडा गेला होता आणि सगळी दारू मी कचेरीत असताना जमिनीत जिरून गेली होती. मघा जिला बर्फाचं पाणी समजलो, ती ओल दारूचीच होती. फडकं काढून आत बघितलं. काकूनं प्रश्न विचारायच्या आधी सोडलेला गुळाचा खडा तळाशी पडला होता, कोरडा ठणठणीत.

मी पोत्यांवर बसलो होतो. बरोबर काकांच्या जागेवर. हे लक्षात आलं आणि मी उठलो कसा, बाहेर आलो कसा, मला आठवत नाही. शांता सांगते की मी अंगणात उभा राहून रामरक्षा म्हणत होतो, आणि ती मला येतही नाही.

शांताचं लग्न मास्तरांशी झालं. त्याच ज्येष्ठात, थाटात. आता दोन पोरं आहेत, चहात साखर घालते. काकू समाधानी आहे. शांताला वाटतं, बाबा आले होते, चांगलं झालं. मामांनाही तसंच वाटतं. अख्ख्या घराण्यात त्या गोष्टीची भीती कुणालाच नाही. भितो तो मी एकटा, कारण घागर रिकामी होती हे मला एकट्यालाच ठाऊक आहे, आणि सांगायला जावं तर आधी तिच्यात काय होतं ते सांगावं लागेल.

कोठीत मी त्यानंतर पाय ठेवलेला नाही. तिथलं काही हवं असलं की काकूलाच पाठवतो. ती बिचारी गुडघे धरत जाते, निवांत बसून येते, हवी ती वस्तू माझ्या हातात देते आणि म्हणते, “वसंता काहून येत नाही म्हणून विचारून राहिले होते.”